बैल का बोलत नाही?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी असते. बिलोली तालुक्यातल्या एका शेतातल्या आखाड्यावर मी ती पाहत बसलो होतो. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो. घरातल्या आबांनी आधी त्या जागी कोमट पाणी घातले, मग हळद आणि तूप घेऊन पळसाच्या पानाने खांदा चोळला. काम सावकाश चालले होते, दोन्ही बैलांना सारखा वेळ. शेवटी ते बैलाच्या कानाशी वाकले आणि रीतीप्रमाणे त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण दिले. त्यांची सात-आठ वर्षांची नात हे सारे टक लावून पाहत होती. तिने विचारले,

"आबा, उद्या म्हंजी काय ते बैलाला कळतंय का?"

"कळतंय की माय. बघ, कान कसा हलवायलाय!"

"मग त्यो बोलत का नाही?"

प्रश्न लहान मुलीचा असला, तरी त्याला जगभरातल्या शास्त्रज्ञांनी आयुष्ये दिली आहेत. बैल आपल्याइतकाच जिवंत आहे. त्याला भूक लागते, तो माणूस ओळखतो, जोडीदार गेला की वैरण सोडतो. मग आपल्यात आणि त्याच्यात नेमका फरक काय? या प्रकरणात तो फरक आपण एकेका पायरीने शोधू.

१. जिथे फरक सापडला नाही

आहार, झोप, भय आणि प्रजनन या चार गोष्टी माणसात आणि पशूत सारख्याच, असे एक जुने संस्कृत सुभाषित सांगते. वेगळेपण त्यांच्यापलीकडे शोधायला हवे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. पण पुढच्या शोधात माणसाने घातलेली बरीच कुंपणे जनावरांनी ओलांडली.

पहिले कुंपण हत्यारांचे. हत्यार फक्त माणूस बनवतो, अशी समजूत होती. १९६० साली टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जेन गुडाल यांनी एका चिंपांझीला काडी सोलून वाळवीच्या वारुळात घालताना पाहिले. काडीला चिकटून आलेली वाळवी तो खात होता. २००२ साली ऑक्सफर्डमधल्या बेटी नावाच्या कावळीने सरळ तार वाकवून तिचा आकडा केला आणि नळीतले खाऊचे भांडे वर ओढून काढले.

दुसरे कुंपण मोठ्या मेंदूचे. आपला मेंदू साधारण १.३ ते १.४ किलोचा, हत्तीचा पाच किलोच्या आसपास. नुसत्या वजनावर निवाडा करायचा तर हत्तीने आपल्याला शाळेत बसवायला हवे होते.

तिसरे कुंपण रक्ताचे. पेशीपेशीत जो वारसा लिहिलेला असतो त्याला डीएनए म्हणतात. चिंपांझीच्या आणि आपल्या डीएनएमध्ये ९८ ते ९९ टक्के साम्य आहे. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आपला आणि त्यांचा पूर्वज एकच होता. म्हणजे ते आपले चुलत घराणे.

तेव्हा कोणता तरी एक अवयव किंवा एखादी कसरत दाखवून हा प्रश्न सुटत नाही.

२. बिलोलीच्या बाजारातले लेकरू

बिलोली तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. इथल्या बाजारात भाजीचा भाव मराठीत विचारला जातो, उत्तर कधी तेलुगूत येते आणि हिशेब उर्दूत मिटतो. कुंडलवाडीकडे गेलात तर घराघरात तेलुगू ऐकू येते. १९४८ पूर्वी, निजामाच्या राजवटीत, ज्यांची शाळा झाली त्यांतले बरेचजण उर्दूतून शिकले. अशा गावातले पाच वर्षांचे लेकरू आईशी एक भाषा बोलते, गल्लीत दुसरी आणि दुकानात तिसरी. त्याला व्याकरण कोणी शिकवलेले नसते.

आता देवणी गाईचे वासरू घ्या. देवणी ही लातूर भागातली नावाजलेली जात. हे वासरू उदगिरात वाढवा, नाहीतर पंजाबात नेऊन वाढवा. ते हंबरेल तसेच. त्याचे हंबरणे ते जन्माला येतानाच घेऊन येते. लेकराची बोली मात्र त्याच्या भोवतालची माणसे त्याला देतात. तेलुगू घरातले तान्हे मूल मराठी घरात वाढले, तर ते अस्सल मराठीच बोलेल.

मग एखादे जनावर माणसाच्या घरात वाढवले तर? हा प्रयोगही झाला. अमेरिकेत हेज दांपत्याने १९४७ च्या सुमारास व्हिकी नावाचे चिंपांझीचे पिल्लू पोटच्या पोरीसारखे घरात वाढवले. वर्षानुवर्षे शिकवूनही तिला जेमतेम चार शब्द बोलता आले, तेही अस्पष्ट. पुढे हातांच्या खुणांची भाषा शिकवून पाहिली, तेव्हा वाशू नावाच्या चिंपांझीने शंभराहून अधिक खुणा उचलल्या. चेझर नावाच्या एका कुत्रीला तर हजाराहून जास्त खेळण्यांची नावे पाठ होती. म्हणजे शब्द ओळखणे जनावराला जमते. पैठणच्या रेड्याची कथा मराठी माणसाला पाठ आहे. मुके जनावर बोलले हे शेकडो वर्षे चमत्कार म्हणूनच सांगितले गेले. मग शब्द ओळखणे आणि बोलणे यांच्यामध्ये काय आहे?

३. एका 'ला'ची किंमत

दोन वाक्ये पाहा. 'कुत्रा मांजराला चावला.' 'कुत्र्याला मांजर चावले.' प्राणी तेच, चावणे तेच. 'ला' एकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि कोण चावले, कोणाला चावले हे सगळे उलटले. शब्द जोडण्याच्या या नियमांना आपण व्याकरण म्हणतो.

याची ताकद किती, ते साध्या हिशेबाने कळेल. समजा, तुम्हाला कर्त्याचे १० शब्द येतात, कर्माचे १० आणि क्रियापदाचे १०. शब्द झाले ३०. वाक्ये किती होतील? १० गुणिले १० गुणिले १०, म्हणजे १,०००. आता 'शेतात', 'बाजारात' असे जागेचे फक्त १० शब्द वाढवा. शब्द ४०, वाक्ये १०,०००. मूठभर बियाण्यातून खळे भरावे तसे हे आहे.

जनावरांचे निरोप असे वाढत नाहीत. केनियातल्या व्हर्व्हेट माकडांच्या धोक्याच्या हाका वेगवेगळ्या असतात: बिबट्यासाठी एक, गरुडासाठी दुसरी, सापासाठी तिसरी. हाक ऐकून बाकीची माकडे त्या त्या धोक्याप्रमाणे झाडावर चढतात, वर पाहतात किंवा गवत न्याहाळतात. पण बिबट्याची आणि सापाची हाक जोडून 'बिबट्याने साप पाहिला' असे त्यांना सांगता येत नाही. मधमाशी याहून पुढे जाते. ती पोळ्यावर नाचून फुले सूर्याच्या कोणत्या बाजूला आणि किती लांब आहेत ते सांगते. हे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र तिचा नाच थोड्याच विषयांपुरता: अन्न, पाणी, राहायची जागा. 'परवा तिथे फुले होती, पण यंदा पाऊसच नाही' हे ती नाचू शकत नाही.

'परवा', 'यंदा', 'नाही', 'जर' या शब्दांतच माणसाची मोठी कमाई आहे. जे डोळ्यांसमोर नाही, त्याबद्दल आपण बोलतो. आबांनी बैलाला दिलेले आवतण उद्याचे होते. बैलाने कान हलवला तो ओळखीच्या आवाजाला आणि मायेच्या हाताला. 'उद्या' हा शब्द त्या जागी फक्त नातीला कळला.

४. वासरू तासाभरात उभे राहते

गाय व्याली की वासरू तासाभरात लटपटत उभे राहते आणि आचळ शोधते. माणसाच्या मुलाला पहिले पाऊल टाकायला वर्ष लागते. जन्माच्या वेळी त्याचा मेंदू मोठेपणीच्या मेंदूच्या तीस टक्क्यांहूनही लहान असतो. चिंपांझीचे पिल्लू सुमारे चाळीस टक्के मेंदू घेऊन येते. आपला उरलेला मेंदू वाढतो तो आईच्या मांडीवर, आजीच्या गोष्टीत, गल्लीतल्या खेळात.

वरवर पाहता हा तोटाच आहे. इतके परावलंबी बाळ सांभाळायचे म्हणजे सगळ्या घराला कष्ट. पण कच्चे मडके चाकावर असते तोवरच त्याला आकार देता येतो. वासरू बरेचसे भाजून आलेले मडके आहे, म्हणून ते लगेच कामाला लागते. माणसाचे मूल ओली माती आहे. ते अपुरे जन्मते आणि दुसऱ्यांच्या हातांनी पुरे होते. माणसाच्या वेगळेपणाची किल्ली मला इथे दिसते. पुढची सगळी दारे याच किल्लीने उघडतात.

५. आधणाचे पाणी

दुसऱ्यांकडून घेणे म्हणजे काय, ते चुलीजवळ बसून पाहू. ज्वारीची भाकर करायला शिकणारी मुलगी आईकडे बघत असते. आई परातीत पीठ घेते, मधे आळे करते, त्यात आधणाचे पाणी ओतते, उलथन्याने हलवते आणि हाताला सोसेल इतके निवले की तळहाताच्या जोराने मळते. मुलगीही तसेच करते. गरम पाणीच का, हे तिने विचारलेले नसते आणि बहुधा आईलाही सांगता येणार नाही. तिच्या आईने केले, म्हणून ती करते.

कारण मात्र पक्के आहे. गव्हाच्या पिठात पाण्याने ताणले जाणारे एक चिवट प्रथिन असते, ज्वारीत ते नसते. गरम पाण्याने ज्वारीतला पिष्टमय भाग फुगून चिकट होतो आणि भाकर थापताना चिरत नाही. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की हे पाणी जास्तच लागते. हे शास्त्र ठाऊक नसताना किती पिढ्यांनी घडी न मोडता भाकरी थापल्या! कारण न कळताही नीट नक्कल केली, म्हणून ज्ञान टिकले.

२००५ साली व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी याचीच परीक्षा घेतली. एका पेटीत खाऊ ठेवला. ती उघडताना शिकवणारा आधी काठीने काही निरुपयोगी ठोके मारी आणि मग खऱ्या दारातून खाऊ काढी. पेटी पारदर्शक केल्यावर ते ठोके फुकट आहेत हे स्पष्ट दिसत होते. चिंपांझींनी ते गाळले आणि थेट खाऊ काढला. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र ठोक्यांसकट सगळे तसेच्या तसे केले.

या परीक्षेत चिंपांझी हुशार ठरला, असे कोणालाही वाटेल. पण आधणाचे पाणी आठवा. ज्याचे कारण दिसत नाही ते गाळत गेलो असतो, तर भाकर आपल्या हाती आलीच नसती. मोठ्यांवर विश्वास ठेवून आधी पूर्ण घ्यायचे आणि नंतर समजून सुधारायचे, ही माणसाच्या मुलाची शिकण्याची रीत आहे.

६. तिफण कोणी शोधली?

आता शेतात चला. मृगाचा पाऊस झाला की पूर्वी आमच्या भागात तिफण जुंपली जाई. लाकडी दिंडाला तीन फण, प्रत्येक फणातून वर आलेली पोकळ नळी आणि तिन्ही नळ्या जिथे एकत्र येतात तिथे लाकडाचे चाडे. मागून चालणारी बाई मुठीतले बी चाड्यावर अशा बेताने सोडते, की ते तीन वाटांनी सारखे विभागून तीन तासांत एकाच खोलीवर पडते. मूठ सैल झाली तर बी दाट पडते, घट्ट झाली तर नागा पडतो.

ही तिफण कोणी शोधली? एका कोणाचेही नाव सांगता येणार नाही, कारण ती एकाच्या आवाक्यातली गोष्टच नाही. कोणी टोकदार काठीने खड्डा केला, कोणी काठी ओढून तास पाडला, कोणी बैलाच्या खांद्यावर जू ठेवले, कोणी नळी बसवली, कोणी एकाच्या तीन केल्या. प्रत्येकाने आधीच्याचे घेतले आणि त्यात थोडी भर घातली.

विहिरीचा दाखला घ्या. बाप पाच परस खणून थांबला, तर मुलगा सहाव्या परसापासून सुरुवात करतो आणि नातवाच्या हयातीत पाणी लागते. दुसऱ्या प्राण्यांच्या बहुतेक पिढ्या नव्या जागी पहिलाच परस खणतात. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात चिंपांझी दगडाने कवचाची फळे फोडतात. तिथे उत्खननात सापडलेले त्यांचे जुने दगड ४,३०० वर्षांपूर्वीचे निघाले. तेव्हाही ते दगडाने फळ फोडत होते, आजही दगडानेच फोडतात. आपल्याकडे काय झाले? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी शेतकरी वस्ती होती. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथली घरे, भांडी आणि धान्य सापडले. त्या मातीच्या घरांपासून आजच्या ट्रॅक्टरपर्यंतची वाट चिंपांझींच्या त्या दगडांपेक्षा कमी काळात चालली गेली आहे.

७. तीन वाजून छप्पन्न मिनिटे

जनावरांतही वडीलधाऱ्यांच्या आठवणीला किंमत असते. १९९३ साली टांझानियातल्या तारांगिरे उद्यानात कडक दुष्काळ पडला. वयस्कर हत्तिणी पुढे असलेले कळप उद्यान सोडून दूर निघून गेले आणि त्यांची पिल्ले इतरांपेक्षा जास्त वाचली. पूर्वीचा दुष्काळ पाहिलेल्या हत्तिणींना वाट ठाऊक असावी, असे अभ्यासकांनी म्हटले. पण अशी हत्तीण मेली की तिची वाटही तिच्याबरोबर जाते.

त्याच वर्षी, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री थकून झोपलेल्या किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांवर भूकंप कोसळला. सुमारे दहा हजार माणसे गेली. ५२ गावे उद्ध्वस्त झाली. गोठ्यांत बांधलेली जनावरेही गेली.

वर्षाने तिथे जन्मलेल्या वासराला त्या रात्रीतले काहीच ठाऊक नव्हते. पण आज तिथल्या शाळेतल्या मुलाला विचारा. त्याच्या जन्माआधीची ती वेळ तो मिनिटासकट सांगेल. ही आठवण त्याच्या मेंदूत आली ती आजीच्या बोलण्यातून.

ती तिथेच थांबली नाही. घरे का पडली, याची पाहणी झाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे टाकलेली माती, हे ओझे झोपलेल्या माणसांवर आले होते. ते लिहिले गेले. नव्या गावांची घरे वेगळ्या पद्धतीने बांधली गेली. भूकंपाच्या नकाशात आधी सर्वांत कमी धोक्यात गणलेला हा भाग पुढे वरच्या गटात घेतला गेला. आता देशाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला, किल्लारी कधीही न पाहिलेला अभियंता तो नकाशा पाहून खांब किती जाड घ्यायचा ते ठरवतो. बोलणे, लिहिणे आणि नकाशा ही आपली डोक्याबाहेर ठेवलेली आठवण आहे. माणूस मेला तरी ती मरत नाही.

८. मिरजेचे पाणी

आणखी एक गोष्ट उरली. मुंग्या आणि मधमाश्या हजारोंनी मिळून काम करतात, पण एका वारुळातल्या किंवा पोळ्यातल्या त्या बहुतेक एकाच आईच्या लेकी असतात. चिंपांझी आपल्या टोळीत एकमेकांचे केस विंचरतात, पण शेजारच्या टोळीतला एकटा सापडला तर त्याचा जीवही घेतात. अनोळख्यासाठी झटणे निसर्गात दुर्मीळ आहे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे होते. तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी निघाले. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर, सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास. मिरजेत वाघिणी भरणाऱ्यांचे लातुरात कोणी सगेसोयरे असायलाच हवे होते असे नाही. तहानलेला हत्ती पाण्याकडे चालत जातो. माणसांनी पाणी तहानेकडे नेले, आणि ते अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांसाठी नेले. 'लातूरला पाणी नाही' हे वाक्य ज्यांनी तहान पाहिलीही नव्हती त्यांना समजले, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला आणि ते कामाला लागले. भाषा, विश्वास आणि साठवलेले ज्ञान असे एकत्र आले की माणूस ओळखू येतो.

याच साठ्यातून आपण बाँबही बनवले आणि नद्याही उपसल्या, हे विसरता येत नाही. वेगळे असणे म्हणजे श्रेष्ठ असणे नव्हे. ज्याला 'उद्या' कळतो, त्याच्यावर उद्याची जबाबदारी येते, त्या मुक्या बैलाच्या उद्याचीसुद्धा.

९. नातीला काय सांगावे?

आता त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. बाई, बोलायला दोन गोष्टी लागतात. शब्दाला शब्द जोडणारा आणि वर्षानुवर्षे शिकत राहणारा मेंदू, आणि शिकवायला आधीच्या पिढ्यांनी जमवलेला साठा. बैलाजवळ यांतली एकही नाही. तुझ्याजवळ पहिली गोष्ट जन्मापासून आहे. दुसरी तुला घरातली, गावातली माणसे देत आहेत.

म्हणूनच हा वारसा जितका मोठा, तितकाच नाजूक आहे. हंबरणे कोणी न शिकवताही पुढच्या वासराला येईल. पण चाड्यावर मूठ धरण्याची लकब, विरी गेलेल्या पिठाची भाकर, घरातली तेलुगू किंवा मराठी बोली, किल्लारीची ती पहाट यांतले काहीही मुलाच्या रक्तातून उतरत नाही. एक पिढी सांगायची थांबली, तर विहीर पुन्हा पहिल्या परसापासून खणावी लागते.

आबांनी आवतण बैलाच्या कानात दिले, पण ते पोचले नातीपर्यंत. पुढे कधीतरी तीही कोणाला तरी खांदेमळणी दाखवील. वाचकहो, तुमच्या घरातही असे एखादे लेकरू टक लावून पाहत असेल. त्याच्याशी बोला, त्याला हाताशी घेऊन काम दाखवा, आणि त्याने 'का' विचारले तर थांबून उत्तर द्या.